सासऱ्यांचं टर्नटेबल आणि माझे कान

आमच्या घरातलं टर्नटेबल दुकानातून आलेलं नाही. माझ्या सासऱ्यांनी ते १९७८च्या सुमारास घरीच केलं. परदेशी यंत्र जकातीसकट घेणं पगारदार माणसाला परवडणारं नव्हतं आणि बाजारातल्या पोर्टेबल प्लेअरवर त्यांचा कान रमत नव्हता. म्हणून सागवानी पेटी, लेथवर कातून घेतलेली ॲल्युमिनियमची थाळी, तिला बेल्टने फिरवणारी मोटर, दुमजली लाकडी पुली आणि कुठल्याशा मोडीत निघालेल्या प्लेअरचा आर्म. ते गेले आणि यंत्र माझ्याकडे आलं, म्हणजे बाकी कोणाला नको होतं. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मला यातलं कळतं असा घरात समज आहे. तो मी मोडला नाही.

पुढे त्यात एकेक बदल करत गेले. आवाज सुधारला, यात शंका नाही. कशामुळे सुधारला याची यादी मात्र मी मनात धरलेल्या यादीशी जुळत नाही. ती अशी.

१. आपला कान लाच खातो. पैशाची नव्हे, कष्टांची. थाळीवरची रबरी चकती वाळून कडक झाली होती, म्हणून चपला करणाऱ्या एका कोल्हापुरी कारागिराकडून चामड्याची चकती कापून आणली. रापीने घेतलेली तिची कड नुसती बघत राहावी अशी. ती घातली, भीमसेनजींची एलपी लावली आणि मला खर्ज भरदार ऐकू आला, तानपुरा मोकळा झालेला ऐकू आला. हे सगळं मी आल्यागेल्याला सांगितलंही. मग एका रविवारी भाचीला म्हटलं, मी पाठ करून बसते, तू चकत्या बदलत राहा. मला कोणती कोणती ते ओळखता येईना. चकती अजून चामड्याचीच आहे. देखणी आहे आणि देखणेपणाचं मला वावडं नाही. पण तेव्हापासून माझ्या यंत्राच्या बाबतीत मी माझीच साक्ष ग्राह्य धरत नाही.

२. खरा साक्षीदार शेजारच्या खोलीत बसलेला असतो. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, तरुणपणी रीतसर गाणं शिकल्या. यंत्रात त्यांना काडीचा रस नाही. नवऱ्यानं उमेदीची वर्षं ज्यात घातली त्या पेटीकडे त्या अजून थोड्या संशयानेच बघतात. आज काय बदललं ते मी त्यांना सांगत नाही. त्या मटार सोलत बसलेल्या असतात आणि मध्येच म्हणतात, "अगं, आज तानपुरा नीट मिळालाय." किंवा काहीच म्हणत नाहीत. माझ्या बहुतेक सुधारणांवर त्या काहीच म्हणाल्या नाहीत. सगळ्यांत महाग कार्ट्रिज बसवलं त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "पेटीवाला जरा पुढे येऊन बसलाय का गं?" आठवडाभर मी त्या वाक्याचा अर्थ लावत होते. शेवटी कळलं की नव्या कार्ट्रिजचा मधल्या पट्टीतला आवाज खरोखरच थोडा उठावाचा आहे.

३. टर्नटेबलात वेग चुकला तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण कळलं ते पुली मोजल्यावर. गणित साधं आहे. मोटर मिनिटाला २५० फेरे घेते, एलपीला हवेत ३३⅓; म्हणजे थाळी पुलीच्या साडेसातपट. बेल्टची जाडी धरून थाळी ३०० मिलिमीटरची, तर पुली ४०ची. आता पुलीत अर्धा मिलिमीटर कमी पडला तर वेग सव्वा टक्क्याने उतरतो. सव्वा टक्का म्हणजे ८१ला ८० हे गुणोत्तर, आणि श्रुतींचा हिशेब मांडणारे ज्याला प्रमाणश्रुती म्हणतात ती नेमकी एवढीच. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, त्यांचं आयुष्य या असल्या अपूर्णांकांत गेलं. इथे माझ्या घरात एक अख्खी श्रुती अर्ध्या मिलिमीटर लाकडात बसली होती.

लाकडी पुली बेल्टने घासून जवळजवळ मिलिमीटरभर बारीक झाली होती. दोन श्रुती गेल्या. भोसरीच्या एका लेथवाल्या काकांकडून डेलरिनची नवी पुली कातून घेतली, तबकडी लावली, आणि आई आतून म्हणाल्या, "हे इतकं चढं का लावलंस?" कित्येक वर्षं उतरलेला षड्जच त्यांच्या कानात खरा होऊन बसला होता. मी हार्मोनियम काढून सूर धरला. जुळला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आमची पेटी बेसूर नव्हती तर." तबकडीबरोबर वाजवताना जुळत नाही म्हणून इतकी वर्षं दोष पेटीला जात होता. दोनदा ती दुरुस्तीलाही जाऊन आली होती, बिचारी.

(जाता जाता: अमेरिकेतल्या आराखड्यावरून पुली करून घेणार असाल तर थांबा. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. ती पुली इथे लावली तर काळी पाचची गायिका थेट पांढरी पाचवर उतरते.)

४. साक्षीदार आणि आरोपी एकाच घरचे असू शकतात. वेग तपासायला रेघांची गोल चकती मिळते. ५० हर्ट्झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, त्यामुळे ३३⅓साठी १८० रेघा असल्या की वेग बरोबर असताना त्या जागेवर उभ्या दिसतात. आमच्याकडे सगळे दिवे एलईडी आणि त्यांच्याखाली रेघांचा नुसता करडा पट्टा दिसतो. शेवटी जुन्या स्विचबोर्डातला लाल निऑन इंडिकेटर काढून वापरला. रेघा खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या, मी खूश. मग लक्षात आलं की मोटर चालते त्याच विजेवर निऑनही लुकलुकतोय. वीज ढिली झाली तर दोघेही मिळून ढिले होतील आणि रेघा हलणारच नाहीत. चकतीने फक्त पुलीचा हिशेब तपासला, विजेचा नाही. आता ग्रिडची वारंवारता ४९.९ ते ५०.०५ एवढ्यात राखायची असते, त्यामुळे झोप उडवून घेण्याचं कारण नाही. पण नव्वदच्या दशकात ती ४९च्याही खाली जाई. सासरे म्हणत, "संध्याकाळी हे यंत्र जरा आळसावतं." आम्ही हसायचो. ते शब्दशः खरं असणार.

५. आवाज वाढवण्यापेक्षा खडखड कमी करणं जास्त फळतं, आणि त्याला फार शास्त्र लागत नाही. मूळ मोटर चार स्क्रूंनी सागवानी पेटीला आवळलेली होती. तिची थरथर लाकडातून आर्ममध्ये आणि तिथून सुईत. सुई काही विचारत नाही की हे हलणं तबकडीच्या खाचेतलं की मोटरचं, ती दोन्हीची वीज करते. मोटर पेटीपासून वेगळी काढायची, जड कशात तरी बसवायची, आणि मध्ये फक्त बेल्ट राहू द्यायचा, एवढाच उपाय. घरात सगळ्यांत जड, लहान आणि गोल अशी वस्तू होती लोखंडी खल. मोटर त्यात रबराच्या तुकड्यांवर अशी बसली की तिच्यासाठीच ओतला असावा. ख्यालातल्या दोन सुरांमधल्या जागा पहिल्यांदा काळ्याभोर झाल्या. वेलदोडे आता बत्त्याने पोळपाटावर कुटतो. यजमानांचं यावरचं मत मी इथे देत नाही.

६. लेथवाल्याचे कान माझ्यापेक्षा तयार. थाळीचा दांडा गनमेटलच्या बुशात फिरतो आणि तळाशी एका छर्‍यावर टेकतो. संशय होता बुश झिजल्याचा. मी मायक्रॉनची भाषा करू लागले तेव्हा काका म्हणाले, "मॅडम, विमानाला बसवायचंय का?" मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक बुशला टेकवलं, मूठ कानाला लावली, थाळीला हलकेच फिरवलं. "वरून काही नाही. खालून येतंय." छर्रा जिथे टेकतो तिथे खड्डा पडला होता. खालची चकती पालटली, छर्रा नवा टाकला, वाळून गोंद झालेलं ग्रीस धुऊन शिवणयंत्राचं तेल घातलं. छर्‍याची किंमत सांगायला लाज वाटते.

७. जमीन ही यंत्राचा भाग असते. आमची खोली जुन्या वाड्याच्या माडीवरची, खाली तक्तपोशी. कोणी चालत गेलं की सुई उडी मारायची. आर्म आणि कार्ट्रिज मिळून त्यांचा स्वतःचा एक झोका असतो, तो साधारण आठ ते बारा हर्ट्झमध्ये असावा असं मानतात. आणि लाकडी जमीनही त्याच आसपास डुलते. मी पेटीखाली कडप्पा घातला, कडप्प्याखाली अर्धवट फुगवलेली सायकलची ट्यूब. रस्त्यावरच्या ट्रकची घरघर गेली, पण पावलांनी आता सगळा डोलाराच डुलायला लागला. तेव्हा ट्यूब काढली आणि कडप्पा दोन लोखंडी अँगलवर भिंतीत घेतला. वाड्याची भिंत दीड हात जाडीची. तिच्यावर काही परिणाम होत नाही. गणपतीत ढोलपथक खालून गेलं तेव्हा होतो, पण तेव्हा तबकडी लावतंय कोण!

८. हलकं म्हणजे मऊ नव्हे. सुईचा भार कमी ठेवला तर तबकडी जपली जाते असं मला वाटे. अगदी उलट आहे. माझ्या कार्ट्रिजला दोन ग्रॅम लागतात. दीडवर आणलं तर जोराच्या ताना सुरू होताच सुई खाचेच्या भिंती सोडते, पुन्हा आदळते, आणि आदळताना कायमची ओरखडते. सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा घ्या, दोन ग्रॅम म्हणजे दोन ग्रॅम ठेवा.

९. एलपीचा आकार आणि ख्यालाचा आकार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. हे कळल्यावर मी खरीच चकित झाले, कारण इतकी वर्षं तबकड्या ऐकूनही मनात आलं नव्हतं. थाळी सारख्याच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे शेवटी शेवटी तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. तिथेच आवाज फाटतो, सकार फुसफुसतात. आणि आपल्याकडे शेवटी काय येतं? विलंबित संपलेला असतो, द्रुत टिपेला पोहोचलेला असतो, ताना बरसत असतात, तबलजीने अंग झाडून ठेवलेलं असतं. प्रशस्त जागा आलापाला आणि अडचणीची तानांना.

त्यात आर्मची भर. तबकडी कापणारं यंत्र सरळ रेषेत सरकतं, आर्म मात्र एका खिळ्याभोवती कमानीत फिरतो, म्हणून तो तबकडीवर फक्त दोन ठिकाणी बिनचूक असतो, बाकी सगळीकडे थोडा वाकडा. ही दोन ठिकाणं कुठे असावीत याचं गणित लोफग्रेनने १९३८ साली मांडलं. त्याच्या हिशेबात पूर्ण तबकडीवर चूक सारखी वाटून घेतली जाते. १९६६ मध्ये स्टीव्हनसनने वेगळी मांडणी केली आणि आतला बिंदू थेट शेवटच्या खाचांपाशी नेऊन ठेवला. मधल्या भागात चूक थोडी वाढते, पण शेवट सावरतो. परदेशातले शौकीन यावर हमरीतुमरीवर येतात. माझ्यापुरता निकाल लागला: ख्याल ऐकणाऱ्याने स्टीव्हनसन घ्यावा. विलंबित थोडा वाकडेपणा सोसतं, द्रुत सोसत नाही. कागदावर छापलेल्या पट्टीने कार्ट्रिज दोन मिलिमीटर मागे घेतलं, खर्च शून्य. आई म्हणाल्या, "आज शेवटपर्यंत ऐकवलं."

१०. सगळ्यांत मोठी सुधारणा वायरच्या एका तुकड्याची निघाली. आमच्याकडे ७८च्या लाखेच्या तबकड्या बऱ्याच आहेत, कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातल्या. स्टिरिओ कार्ट्रिजवर त्या लावल्या की गाणं पावसाच्या मागून येत असे. आता या तबकड्यांत सूर फक्त डावी-उजवीकडे कोरलेला असतो. वर-खाली हलण्यात संगीत नसतंच, असतो तो निव्वळ कचरा. स्टिरिओ कार्ट्रिज मात्र दोन्ही इमानाने उचलतं. डावा आणि उजवा मार्ग एकत्र जोडले की वर-खालीचा भाग एकमेकांना खोडून काढतो. एक छोटा स्विच बसवला, दाबला, आणि पावसाचा जोर निम्म्यावर आला. त्याच्या जोडीला सुई बदलली. एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपासची, ती ७८च्या रुंद खाचेत तळाला जाऊन घासते आणि तिथे साठलेली शंभर वर्षांची धूळ वाचून दाखवते. ७८ला ७५ मायक्रॉनच्या आसपासची हवी, म्हणजे ती भिंतींवर टेकते. चामडं, डेलरिन, खल, कडप्पा एवढं सगळं झाल्यावर हा स्विच. त्या दिवशी बालगंधर्वांची तबकडी लागली आणि आई मटार सोडून उठून आल्या. साक्ष झाली.

११. गुणगुण शोधताना मोठ्या गोष्टींपासून सुरुवात करू नये. कार्ट्रिजमधून येतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट. शिवाय १९५४ पासून रूढ असलेल्या आरआयएए पद्धतीत एलपी कापताना खर्ज दाबलेला असतो आणि ऐकताना तो पुन्हा उचलावा लागतो. ५० हर्ट्झला मधल्या सुरांच्या सुमारे सातपट. आपली घरची वीज नेमकी ५० हर्ट्झची. आर्मची अर्थवायर एकाच जागी जोडा, दोन ठिकाणी नको, आणि ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजपासून हातभर लांब ठेवा. यापलीकडे मला या विषयात काही कळत नाही.

१२. काही दोष यंत्राचे नसतात, त्यांना हात लावू नये. भोक अर्धा मिलिमीटर बाजूला पडलेली तबकडी कितीही उत्तम थाळीवर लावा, प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, सूर हेलकावतोच. पाश्चात्त्य मंडळी हे पियानोवर पकडतात. आपल्याला तानपुरा पुरतो. नाकामिचीने एकदा तबकडी आपली आपण मध्यावर आणणारं टर्नटेबल केलं होतं. मी त्याचे फोटो पाहिले आणि पाणी प्यायले.

१३. या वेडात मी एकटी नाही, सरकारी पातळीवरही ते आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, आणि तिच्यावर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. नासाने सोबत कार्ट्रिज दिलं, सुई दिली. टर्नटेबल दिलं नाही. ते ज्याने त्याने घरी करायचं आहे. मात्र वेग सांगून ठेवलाय. एक फेरा ३.६ सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला १६⅔, आणि तो सेकंदांत सांगता येत नाही म्हणून हायड्रोजनच्या अणूच्या कंपनकाळात मोजून वेष्टनावर कोरलाय. ना ग्रिडची वीज, ना निऑन, ना झिजणारी पुली. इतका निःपक्ष साक्षीदार मला मिळाला असता तर आमची पेटी दुरुस्तीला गेली नसती. केसरबाईंचा षड्ज जिथे आहे तिथेच ऐकू यावा एवढी काळजी त्यांनी घेतली, बाकीचं सोडून दिलं. माझ्या यादीतही वेगच वर आहे, हे बघून बरं वाटलं.

१४. शेवटचं, यंत्राविषयीचं नाही. सगळ्या बदलांनी मिळून जेवढा फरक पडला, त्याच्याइतकाच तबकड्या धुण्याने पडला. पुण्याच्या पावसाळ्यात एलपींवर बुरशी धरते, ती कोरड्या फडक्याने पुसली तर खाचेत आणखी चेपली जाते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल, मग निव्वळ डिस्टिल्ड वॉटरने खळबळून उभं करून वाळवायचं. लेबल भिजू द्यायचं नाही. एलपीला थोडं आयसोप्रोपिल चालतं. पण एक विनंती. तुमच्या माळ्यावर आजोबांच्या ७८च्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर, काहीही अल्कोहोलचं लावू नका. त्या लाखेच्या आहेत आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.